मावशी फोटोत कुठे आहे

मला याद्या करायची सवय आहे. वाण्याकडच्या सामानाची, धोब्याला दिलेल्या कपड्यांची, प्रवासाला निघताना ट्रंकेत काय काय घातलं त्याची. घरातले हसतात. हसू देत. त्या सवयीमुळेच माझ्याजवळ अजून एक वही आहे. तिच्या मधल्या दोन पानांवर संगमनेरच्या मुलींच्या एका शाळेतल्या अकरा काचांची यादी आहे. शाळेच्या पंचवीस वर्षांचा जो इतिहास कमिटीने छापला, त्यात जे नाही ते या दोन पानांत आहे. कमिटीतल्या कोणाला ते आता नव्याने कळावं म्हणून मी लिहीत नाही. त्यांना ते तेव्हाच कळलं होतं.

लढाई नुकतीच संपली होती. घासलेट अजून कार्डावर मिळत होतं. मी अठ्ठावीस वर्षांची, पुण्याला ट्रेनिंग पुरं करून आलेली सहायक शिक्षिका. तिसरी आणि चौथी माझ्याकडे होती. कपाळाला कुंकू नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षांतच ते गेलं. त्याबद्दल इथे एवढंच, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

त्या काळी मुलींच्या शाळेला घंटेपेक्षा एका बाईची जास्त गरज असे. घंटा वाजली म्हणून मुलगी घराबाहेर पडत नसे. तिला घरी जाऊन बोलवावं लागे, आईशी नाहीतर आजीशी हुज्जत घालावी लागे, आणि मग रांगेने शाळेत आणावं लागे. संध्याकाळी तशीच परत पोचवायची. या कामाला शाळेच्या हजेरीपुस्तकात एक नोकर होती. हुद्दा लिहिलेला असे, ‘मुली बोलावणारी’. मुली तिला मावशी म्हणत. मुलींच्या आयाही मावशी म्हणत, कारण त्यातल्या कितीतरी जणींना तिनेच शाळेत आणलं होतं.

मावशी मूळची पाथर्डीकडची. तरुणपणी नवरा गेल्यावर भावाच्या आधाराने संगमनेरला आली आणि शाळेच्या दुसऱ्या वर्षी कामाला लागली. मी तिला पाहिलं तेव्हा ती पन्नाशीच्या पुढे होती. उंच, काटक, चालताना किंचित उजवीकडे झुकणारी. तेवीस वर्षं कोणाचं ना कोणाचं पोर डाव्या कडेवर घेऊन चालल्यामुळे तिचं अंग तसंच बसलं होतं. धाकटं भावंड सांभाळायला कोणी नाही, ही मुलगी घरी ठेवण्याची सगळ्यात सोपी सबब. त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं असे: “आना ते हिकडं.” आणि भावंड मावशीच्या कडेवर.

शाळेचा रौप्यमहोत्सव फेब्रुवारीत करायचा ठरला. कमिटीचे चिटणीस गावातले वकील. माणूस कष्टाळू होता. पावसाळ्यात शाळेचं छप्पर गळलं तर स्वतः शिडीवर चढणारा. त्यांच्या मनात आलं की शाळेचा इतिहास जादूच्या कंदिलावर दाखवावा. कंदील शाळेत होता. पत्र्याची पेटी, पुढे भिंगाची नळी, आत कार्बाइडचा दिवा. कोणीतरी देणगी दिलेला. त्यावर आम्ही मुलींना गंगेचा घाट आणि माशीचे पाय दाखवत असू. आता गावातल्या फोटोग्राफरने शाळेच्या जुन्या ग्रुप फोटोंवरून अकरा काचा करून दिल्या. दर वर्षी फोटो निघत नसे, म्हणून पंचवीस वर्षांत अकराच. त्या क्रमाने लावणं, प्रत्येकीवर चिठ्ठी डकवणं आणि कोणती कधी सरकवायची ते ठरवणं हे काम माझ्याकडे आलं. असली कामं माझ्याकडेच येत.

रंगीत तालीम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, शनिवारी दुपारी घेतली. चित्रकलेच्या वर्गाच्या खिडक्यांना गोणपाट ठोकलं. समोर शाळेतलं मांजरपाटाचं मोठं कापड लावलं. शाळेत मोठं कापड ते एकच. सतरंजीखाली तेच, नाटकाला तेच, आणि ग्रुप फोटोच्या वेळी मागची पोपडे निघालेली भिंत झाकायलाही तेच. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, खुर्चीवर बसल्या. मी कंदिलाशी. दार लावून घेणार तेवढ्यात मावशी आत आली. स्वच्छ धुतलेलं लुगडं, केस पाण्याने चापून बसवलेले.

“मावशी, आज शनिवार. मुली सुटल्या,” मी म्हटलं.

“पोरी पोचवूनच आले की. फोटू बघाया आले.” ती खाली बसली. “माजा फोटू हाय न्हवं त्यात? दरसाली हुभी ऱ्हायलीया मी.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काच सरकवली.

पहिल्या काचेत चौदा मुली आणि पाच पुरुष. “ह्यात मी न्हाई,” मावशीने सांगून टाकलं. “तवा मी आलेच नव्हते.” दुसरी काच. एकोणीस मुली, मागे पांढरं कापड ताणलेलं, मधोमध पगडीवाले अध्यक्ष. मावशी पुढे सरकली. मग आणखी पुढे. उठून कापडाच्या अगदी जवळ गेली आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेली.

“कुठं हाय मी?”

मला आधी कळेना. मग तिनेच सांगितलं तेव्हा उलगडलं. फोटोच्या दिवशी वाऱ्याने कापडाचं पोट फुगे, म्हणून मावशीला मागे बाकावर उभं करत. तिने दोन्ही हात वर करून कापडाची वरची कड घट्ट धरायची. फोटोग्राफर काळ्या बुरख्यात शिरण्याआधी सगळ्यांना दटावत असे, हलू नका. आणि शेवटी मोठ्याने ओरडे, “मावशी, तुम्हीपण हलायचं नाही बरं का!” कापड हलू नये म्हणून. मावशी समजली, फोटो सगळ्यांचा निघतोय. म्हणून ती दर वेळी ठेवणीतलं लुगडं नेसून यायची, बाकावर चढायची, पदर सारखा करायची आणि कापडामागे श्वास रोखून उभी राहायची.

“हसत बी हुते मी,” ती म्हणाली. “अध्यक्षसायेब म्हनले हसा, तर मी बी हसले.”

ते फोटो चिटणिसांच्या खोलीत आढ्याजवळ टांगलेले असत. खालून तोंडं तिळाएवढी दिसत. मागच्या रांगेत आपण कुठेतरी असू, असं ती तेवीस वर्षं धरून चालली होती.

तिने कापडाची कड उचलली आणि मागे वाकून पाहिलं. मागे फळा होता.

मी पुढची काच सरकवली, मग पुढची. काय शोधायचं ते आता मला माहीत होतं. कापडाच्या वरच्या कडेवर बोटं होती. कंदिलावर एवढीएवढी मोठी, गाजरासारखी. डाव्या हाताची करंगळी वाकडी.

“ही माजीच,” मावशी म्हणाली. “उखळात सापडली हुती.” मग म्हणाली, “बोटं काडली व्हय माजी. बरं झालं, नखं तरी काडली हुती.”

मोठ्या बाईंना हसू आलं आणि लगेच त्यांनी तोंडाला पदर लावला. मावशी मात्र हसली नाही. सगळ्या काचा संपेपर्यंत ती उभी राहिली. जाताना दारात थांबून मला म्हणाली, “बाई, तुमी याद्या करता. ह्यात मी कुठंकुठं हाय त्येवढं लिवून ठिवा. आन त्या दिशी लोकांस्नी सांगा, ही मावशीची बोटं म्हून. येवडंच करा. दुसरं काय नगं.”

त्या संध्याकाळी मी ती यादी केली. काच दोन: दोन्ही हात, आठ बोटं. काच तीन: उजवा हात फक्त; डावीकडचं कापड खिळ्याला अडकवलेलं दिसतं. काच पाच: वारा असावा, कापड खालून उडालेलं, बाक आणि बाकावर एक पाऊल. काच सहा: प्लेगचं साल, शाळा माळावरच्या झोपड्यांत, कापड नाही, मावशीही नाही, त्या दिवशी ती गावात राहिलेल्या दोन मुलींना आणायला गेली होती, असं तिने सांगितलं. काच नऊ: दोन्ही हात, आणि मधे पदराची टोकदार सावली. अकरांपैकी आठ काचांत मावशी होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती यादी घेऊन मी चिटणिसांकडे गेले. त्यांनी वाचली. चष्मा काढला.

“बाई, हा शाळेचा इतिहास आहे. गडीमाणसांचा नव्हे.”

“मुली शाळेत कोणी आणल्या, हा शाळेचा इतिहासच झाला ना?”

“उद्या घंटा वाजवणाऱ्याचा फोटो मागाल.”

“तो आहे. काच आठ, देणगीदारांच्या मागे, उजवीकडून तिसरा. तुमच्या लक्षात आलं नसेल.”

त्यांना ते आवडलं नाही. “आणि हे पाहा, जूनपासून मुली बोलावणारीची जागाच राहणार नाही. ठराव झालाय. मुली आता आपल्या पायांनी येतात. घरोघर बोलावणं पाठवावं लागत होतं, ही काय मिरवायची गोष्ट आहे? पाहुणे येणार आहेत. त्यांना पुढे गेलेली शाळा दाखवायची आहे.”

“ती पुढे गेली कशी, तेच दाखवते मी.”

“तुम्ही क्रम लावा. तेवढं काम तुमच्याकडे दिलंय.”

जूनची गोष्ट मावशीला अजून कोणी सांगितली नव्हती. मी त्याच पावली तिच्याकडे गेले आणि सांगितली. अशा गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून कळू नयेत. ती ज्वारी पाखडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“काम जाऊ द्या. गुडघं बी बोलत्यात आता. पर बोटांचं काय म्हनले?”

“नाही म्हणाले.”

“न्हाई?” सूप खाली आलं. “बोटं बी जड झाली व्हय त्यास्नी?”

खरं सांगते, चिटणिसांकडून निघताना माझ्या मनात फक्त तिचं सांत्वन करायचं होतं. त्या प्रश्नानंतर सांत्वनाला जागा राहिली नाही. मी वही उघडली आणि तिथेच ओसरीवर बसून कामांची यादी केली.

चिटणिसांच्या कार्यक्रमाला मी हात लावणार नव्हते. तो त्यांचा. पण संक्रांतीनंतर शाळेत बायकांचा समारंभ दर वर्षी होई. त्याला हळदीकुंकू म्हणत. त्यात मी नसे, मावशी नसे. आम्ही दोघी मागच्या वर्गात तिळगूळ मोजून पुड्या बांधत असू. त्या वर्षी मी मोठ्या बाईंना म्हटलं, या खेपेला नुसता तिळगूळ समारंभ करू, म्हणजे सगळ्याच बायकांना बसता येईल. त्या घाबरट होत्या पण अन्यायी नव्हत्या. बराच वेळ दौतीचं झाकण उघडबंद करत बसल्या आणि म्हणाल्या, “कर. मला फार सांगू नकोस म्हणजे झालं.”

बोलावणं करायला मावशीच गेली. दुसरं कोण जाणार? सव्वाशे घरं तिला पाठ होती. दुपारी दोनची वेळ ठेवली, कारण दिवेलागणीला बायकांना घर सोडता येत नाही.

कंदील कसा लावायचा याचा मी दोन दिवस विचार केला. नेहमी तो प्रेक्षकांच्या मागे असतो. पण आरोग्य खात्याचा एक माणूस नारूच्या रोगावरच्या काचा दाखवायला गावात येत असे. जत्रेत गर्दी फार, म्हणून तो कंदील कापडाच्या मागे ठेवी आणि कापड पाण्याने भिजवी. ओल्या कापडातून चित्र आरपार येतं, लोकांना दोन्ही बाजूंनी बसता येतं. काच तेवढी उलट बाजूने घालावी लागते. आमच्या दोन वर्गांच्या मधे लाकडी पार्टिशन होतं. त्याच्या मधल्या फळ्या काढून मी तिथे कापड बांधलं, पिचकारीने भिजवलं आणि पलीकडच्या वर्गात टेबलावर कंदील ठेवला. मग मावशीला म्हटलं, “या. नेहमीसारख्या कापडामागे उभ्या राहा.”

ती बाकावर चढली आणि हात वर केले. मी काच दोन सरकवली आणि पुढच्या वर्गात धावत जाऊन पाहिलं. एकोणीस मुली, अध्यक्ष, पगडी, आणि त्या सगळ्यांच्या मधे डोक्यापासून पायांपर्यंत काळीभोर, पूर्ण उंचीची मावशी. हाताच्या टोकाला फोटोतली बोटं.

ओरडून सांगितलं तिला. ती कापडामागूनच म्हणाली, “मला कसं दिसायचं वो? मी तर मागं, कापडाला नाक लावून हाय.” म्हणून मी तिच्या जागी बाकावर उभी राहिले आणि तिला पुढे पाठवलं. मग आली. “तुमी लई बारीक दिसता,” म्हणाली. “मी बरी दिसंन.”

समारंभाच्या दिवशी पासष्ट बायका आल्या. कडेवरची आणि मांडीवरची मुलं वेगळी. मोठ्या बाईंनी तिळगुळाची दोन वाक्यं बोलून घेतली. मी खिडक्या झाकल्या, दार लावलं, आणि फक्त एवढंच सांगितलं की आता शाळेचे जुने फोटो दाखवते, बोलायचं काम मावशी करतील. मावशी कुठे, असं सगळ्या इकडेतिकडे बघू लागल्या. मी पलीकडे गेले आणि कार्बाइडच्या दिव्याला काडी लावली.

फोटो आला आणि फोटोत मावशी उभी होती. मग मागून एक म्हातारी म्हणाली, “अगं बया, ही तर मावशी!” आणि हशा पिकला. सावलीने हात खाली घेतले, कमरेवर ठेवले आणि म्हणाली, “मग? कोन वाटलं तुमास्नी?”

आम्ही काही बसवलं नव्हतं. मी फक्त काचा सरकवत होते आणि पार्टिशनच्या फटीतून पुढच्या वर्गात बघत होते. मावशी प्रत्येक फोटोसमोर, म्हणजे फोटोच्या मागे, आपली फेरी करत गेली. सावलीने छत्री उघडली. सावलीने कडी वाजवली, म्हणजे बाकावर दोनदा टकटक केलं.

“चला गं! घंटा झाली!”

“आज नाही येणार ती, पाणी भरायचंय,” पुढच्या रांगेतली एक बाई सहज बोलून गेली. तिच्या आईचा आवाज होता तो, तिने नंतर सांगितलं.

“पानी मी भरते. पोर द्या.”

“मावशी, धाकट्याला गोवर आहे!” दुसरीकडून.

“परवा बी गोवरच हुता. तवा पतंग उडवीत हुता त्यो.”

आता जी ती उत्तरं देऊ लागली. काच चार आली तेव्हा मावशी दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीमागे थांबली, आणि सावलीचं बोट त्या मुलीच्या डोक्यावर टेकलं. “हिला म्या माळ्यावरनं उतरवली. कडब्यात लपून बसली हुती. खाली वडली तर माज्या हाताला चावली.”

“मी नाही चावले!” अंधारात एक बाई उभी राहिली. मांडीवरचं मूल जागं होऊन रडू लागलं. “मी नाही, माझी बहीण चावली. मी नुसती लपले होते.”

“दोगी बी चावल्या गं. वळ हाय अजून.”

ती बाई पुढे कापडाशी गेली. चित्रातल्या स्वतःकडे बघत होती की मावशीच्या सावलीकडे, मला मागून कळलं नाही. तिने ओल्या कापडावर हात ठेवला. मावशीने आतून तिच्या हातावर आपला हात ठेवला. कापडावर एकच काळा ठिपका दिसला. मी काच बदलायची विसरले.

सातव्या काचेच्या वेळी दार उघडलं. दुपारचं ऊन सरळ कापडावर आलं, आणि फोटो, मुली, मावशी सगळं पुसून गेलं. दारात चिटणीस.

“हे काय चाललंय? कंदील कोणाच्या परवानगीने काढला?”

“दार लावा!” एकदम पंधरावीस बायका ओरडल्या.

“मी विचारतोय काय—”

“अहो, आत या नाहीतर बाहेर जा,” हा आवाज त्यांच्या पत्नीचा होता. ती तिसऱ्या रांगेत भिंतीशी बसली होती. “दारात उभं राहू नका. माझा फोटो यायचाय आता.”

खरोखरच पुढच्या काचेत ती होती, नऊ वर्षांची, दोन वेण्यांची. हे मला यादीवरून माहीत होतं. चिटणिसांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. मग त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेरून.

दुसऱ्या दिवशी मला मेमो आला. शाळेची वस्तू विनापरवानगी वापरली, ठरलेल्या समारंभाचं स्वरूप बदललं, कमिटीच्या कार्यक्रमातला भाग आधीच दाखवून टाकला. मी लेखी उत्तर दिलं. कंदील शाळेच्या शिक्षणासाठी आहे आणि शिक्षणासाठीच वापरला. समारंभाचं स्वरूप बदललं, आणि त्यामुळे त्यात प्रथमच शाळेतल्या दोन नोकरदार बायकांना बसता आलं. कार्यक्रमातला भाग दाखवला नाही, कारण मी जे दाखवलं ते कमिटीच्या कार्यक्रमात नाही. खाली सही. नोकरी जाईल असं मोठ्या बाईंना वाटलं. मला वाटलं नाही. गावात ट्रेनिंग झालेली बाई दुसरी नव्हती, हे चिटणीस जाणून होते आणि मीही.

रौप्यमहोत्सवाचा दिवस आला. पाहुणे आले. कंदिलाचा खेळ चिटणिसांनी लिहिलेल्या मजकुरासह झाला. मोठ्या बाईंनी तो वाचला. त्यात मावशीचा उल्लेख नव्हता. पण दुसरी काच आली आणि बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, “ती बघा, मावशीची बोटं.” तिसरीला दोघी म्हणाल्या. पाचवीला लहान मुलींनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. पाहुण्यांनी चिटणिसांना विचारलं, मावशी म्हणजे कोण? चिटणिसांना सांगावं लागलं. थोडक्यात सांगितलं, पण खरं सांगितलं, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

त्यानंतर अंगणात ग्रुप फोटो. बाकं मांडली, पुढे खुर्च्या. फोटोग्राफरने तिवई उभी केली. कापड दोन बांबूंना बांधलं आणि वारा होताच. त्याचं पोट फुगलं.

“मावशी!” फोटोग्राफरने हाक मारली.

मावशी आली. ठेवणीतलं हिरवट लुगडं होतं. ती बाकापर्यंत गेली, बाकाला वळसा घालून पुढे आली आणि पहिल्या रांगेतल्या उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची कमिटीच्या एका सभासदाची होती. ते गृहस्थ हातात टोपी घेऊन उभेच राहिले.

“मावशी, कापड कोण धरणार?” चिटणीस म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. खरंच प्रश्न पडला होता त्यांना.

“तुमी धरा की,” मावशी म्हणाली. “तेवीस साल म्या धरलं. लई अवघड न्हाई. हात वर करायचं आन हलायचं न्हाई.”

मुलींच्या रांगा हसण्याने फुटल्या. पाहुणेही हसले. मी हसले नाही. मी चिटणिसांकडे पाहत होते. ते मावशीकडे पाहत होते. शेवटी त्यांनी फोटोग्राफरला सांगितलं, “कापड काढा. असाच घ्या.”

म्हणून त्या फोटोत मागे पोपडे निघालेली भिंत आहे, एक सायकल आहे, आणि वाळत घातलेल्या दोन गोधड्या आहेत. कमिटीने तो आपल्या खोलीत लावला नाही. फोटो बिघडला, असं म्हणाले. मी दोन प्रती काढून घेतल्या. एक माझी, एक मावशीला नेऊन दिली.

तिने ती उजेडाकडे धरली. आधी मुली पाहिल्या, मग अध्यक्ष, मग उजवीकडची शेवटची खुर्ची.

“डोळं मिटल्यात माजं!”

खरंच मिटले होते. तेवीस वर्षांनी एकदा निघालेल्या फोटोत मावशीने नेमके डोळे मिटले होते.

“आता वो?” ती म्हणाली. “लोक म्हनतील, मावशी डुलकी घेत हुती. पुढल्या साली परत बसाया लागंल.”

जूनमध्ये तिची जागा बंद झाली. हजेरीपुस्तकातली ओळ मी स्वतः आखून बंद केली. मोठ्या बाईंच्याने होईना. पुढच्या फेब्रुवारीत फोटोचा दिवस ठरला, तेव्हा मी तिला निरोप पाठवला नाही. तो मुलींनी पोचवला. ती आली तेव्हा सगळे बसून झाले होते. खुर्ची रिकामी नव्हती. चिटणिसांची पत्नी उठून उभी राहिली, तिच्या शेजारची उठली, आणि मावशीने दोन्ही खुर्च्या पाहून त्यातली बऱ्यापैकी असलेली निवडली.